दाजीच्या पिस्तुलाची पिन

अंब्रोस इमहोल्झनं उभी हयात क्लाउसनच्या घाटात फावडं मारण्यात घालवली. हिवाळ्यात रस्त्यावर आलेलं बर्फ उपसायचं, बर्फ वितळलं की त्याच्या मागोमाग आलेली दरड उपसायची. घाट मोकळा झाला की शहरातल्या चकचकीत मोटारी वर चढायच्या. त्यातल्या कुणी हात केलाच तर हा फावड्यावर हनुवटी टेकून म्हणायचा, "जावा बाबांनो, तुमच्या बापानंच उपसून ठिवलंय." बांधा आडवा, मान जवळपास नाहीच, आणि पंजे असे की पावाची अख्खी लादी एका हातात मावावी.

पण खोऱ्यात त्याची ओळख फावड्यानं नव्हती, पिस्तुलानं होती. गोटहार्डच्या डोंगरात पोखरलेल्या किल्ल्यात तो तोफेवर होता. हत्यारं वाटायच्या दिवशी कोठारातली नवी पिस्तुलं संपली आणि रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या अंब्रोसच्या हातात जुनं पॅराबेलम आलं, त्याच्या जन्माआधी घडवलेलं. बराकीतली पोरं खिंकाळली. "ब्रोसी, तुला कुणाच्या तरी आज्ज्याची बायकू दिली रं!" हा म्हणाला, "म्हातारी असली तरी चुकत न्हाई. तुमच्या तरण्यांचं बघू." आणि खरंच, पुढं जितकी वर्षं तो पलटणीच्या कवायतीला जात राहिला, तितकी वर्षं त्या म्हातारीनं तरण्यांना धूळ चारली. लष्करातून मोकळं होताना आपलं हत्यार विकत घेता येतं; बाकीच्यांनी बंदुका घेतल्या, यानं पिस्तूल घेतलं. आता ते दिवाणखान्यातल्या कपाटात, रविवारच्या टोपीशेजारी, फडक्यात गुंडाळून असायचं.

त्या पिस्तुलाला पाठीवर एक सांधा असतो. गोळी सुटली की तो गुडघ्यासारखा वर मुडपतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढची गोळी आत घेऊन पुन्हा सरळ होतो. इथली माणसं त्याला गुडघाच म्हणतात. "माझा एक गुडघा अजून दुखत न्हाई," असं अंब्रोस म्हणायचा, ते याच्याबद्दल.

माइनराड बिसिग त्याचा मेव्हणा. अंब्रोसची बायको रोझा ही माइनराडची थोरली बहीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण नातं तसंच राहिलं. माइनराडच्या गोठ्यात थोड्या गाई होत्या, उतारावरच्या घरांसाठी तारेवर चालणारा पाळणा तोच चालवायचा, आणि गावच्या नेमबाजी मंडळाचा नेममास्तरही तोच होता. नेमाच्या ओट्यावर नेममास्तर बोलेल ते शेवटचं. तो 'थांबा' म्हणाला की पाद्रीबाबासुद्धा थांबायचे. हे सगळं माइनराडला शिकवलं मात्र अंब्रोसनं. पोरगेल्या वयात त्याच्या मानगुटीवर ते फावड्यासारखे पंजे ठेवून त्यानं हत्यार मोकळं करायचा क्रम शिकवला होता : आधी मुठीतली गोळ्यांची पेटी बाहेर, मग गुडघा वर, मग आत डोळा, मग आत बोट, आणि सगळं रिकामं असल्याची खात्री झाली की जमिनीकडं तोंड करून शेवटचा चाप.

एप्रिलात बर्फ हटल्यावर पहिला सराव झाला. अंब्रोसनं दोन गोळ्या मारल्या आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून थांबला. "मोकळं करा, दाजी," माइनराडनं मागून सांगितलं. अंब्रोसनं गुडघा वर ओढला, आतली गोळी बाहेर पडली. मग त्यानं पेटी काढली. मग पिस्तुलाचं तोंड खाली करून चाप ओढला.

क्रम उलटा झाला होता. पेटी आत असताना गुडघा ओढला तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी आत शिरते. ती दुसरी बाकाची फळी फोडून खालच्या सिमेंटात घुसली. शेजारी उभ्या असलेल्या पोस्टमन तोनीच्या बुटावर खपल्या उडाल्या.

तोनीनं बुटाकडं पाहिलं, पाय आहे का बघावा तसा तो हलवून पाहिला आणि म्हणाला, "ब्रोसी, आजवर पार्सल मी तुझ्याकडं आणतोय. तू कशाला तसदी घितलीस?"

लोक हसले. अंब्रोसही हसला, आणि माइनराड त्याच्या त्या हसण्याकडं बघत राहिला. चूक झालेला माणूस असा हसत नाही. आपलं काय चुकलं हे दाजींना कळलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत, दारू घातलेल्या कॉफीचे पेले समोर ठेवून, माणसं एकमेकांकडं न बघता बोलत होती.

"कुणीतरी सांगाय पायजे."

"कुणीतरी म्हंजी नेममास्तरानं."

"माइनराड, तुझं दाजी हायती."

"म्हनून तर," माइनराड म्हणाला, आणि त्यानं कॉफीचा पेला तोंडाला लावला.

तरी तो दुसऱ्या दिवशी चीजचा गोळा काखेत मारून वर गेला. अंब्रोस दारातल्या बाकावर ऊन खात बसला होता.

"दाजी, यंदा जरा इश्रांती घ्या म्हंतो मी. गावनेमाला नुसतं बघाय या."

"इश्रांती? तुझ्या भनीनं घितलीया की देवळामागं. घरात एकानं घितली, बास झाली."

"तसं न्हवं. हात थरथरत्यात आता."

"मायन्या, माझा हात कधी थरथरला त्ये सांग."

माइनराड ओट्यावरचं सांगणार होता. पण अंब्रोसनं चीजचा गोळा नाकाशी नेला आणि विचारलं, "रोझानं धाडलं व्हय?" मग माइनराडला तिथं बसवेना.

घरात अंब्रोसची मुलगी व्हेरेना होती. खाली आल्टडॉर्फमध्ये दवाखान्यात नर्स होती, नवऱ्याशी फारकत झालेली. बाप दूध चुलीवर ठेवून विसरायला लागला तशी ती नोकरी सोडून वर आली. ती होती म्हणून अंब्रोस आपल्या उतारावर, आपल्या बाकावर होता. ती नसती तर खालच्या वृद्धाश्रमात त्याला खिडकीपाशी एक खुर्ची मिळाली असती. त्या खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात.

"मामा, काल चमच्यांच्या खणात पिस्तुलाच्या गोळ्या सापडल्या," तिनं माइनराडला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात सांगितलं. "मी शेणाच्या खड्ड्यात टाकल्या. आज कोटाच्या खिशात निघाल्या. कुठून काढतात देव जाणे. तुम्ही पोलिसांना का सांगत नाही?"

"पोरी, वर्दीतला मानूस त्यांच्या दारात हुबा राहून हत्यार मागनार. त्यापरास गोळी घातल्याली बरी."

"ती कुणाला लागेल, हाच तर प्रश्न आहे ना."

हत्यारांच्या कचेरीला चार ओळी लिहिणं नेममास्तराचं कामच होतं. माइनराड घरी येऊन लिहायला बसला आणि गाईंची धार काढायला उठला. परत काही बसला नाही.

त्याऐवजी त्यानं जे केलं ते त्याला फार शहाणपणाचं वाटलं. दुपारी अंब्रोस चुलीशेजारच्या बाकावर घोरत असताना त्यानं कपाटातून पिस्तूल काढलं. गुडघ्याच्या मागं एक खाच असलेलं बूच असतं. पेचकसानं ते जरा फिरवलं की आतली स्प्रिंग त्याला बाहेर ढकलते, आणि गोळीच्या बुडाला टोचणारी पिन हातात येते. करंगळीएवढी वस्तू. बूच परत बसवलं, पिस्तूल फडक्यात गुंडाळलं, पिन खिशात घातली. आता दाजींनी चाप दिवसभर ओढला तरी काही होणार नव्हतं. डोकं गेलंय तर हातही गेले असतील, असा त्याचा हिशोब होता.

तो सपशेल चुकला. रविवारी प्रार्थनेवरून आल्यावर अंब्रोसनं नेहमीसारखं टेबलावर फडकं अंथरलं आणि पिस्तूल खोललं. कालचं जेवण त्याला आठवत नव्हतं, पण बोटांना एकेक तुकडा पाठ होता. पिनच्या जागेशी बोटं आली आणि थांबली. पुन्हा चाचपली. मग त्यानं मान वर करून घरात दुसरं कोण आहे ते पाहिलं. व्हेरेना बटाटे सोलत होती.

माइनराड पोचला तेव्हा व्हेरेनाची बॅग अंगणात पडली होती. एक बूट गुलाबाच्या झाडात अडकला होता. ती पायरीवर बसली होती, हातात अजून बटाट्याची सुरी.

"मायन्या, बरं झालं आलास," अंब्रोस दारात उभा राहून ओरडला. "नेममास्तर म्हनून तुला रीतसर सांगतोय. माझ्या हत्याराची पिन चोरीला गेलीया. आन् चोर ही बसलीय."

"दाजी, पिन मी काढली."

"काय?"

"मी. तुमी झोपला हुता तवा. ही बघा." त्यानं खिशातून पिन काढून दाखवली.

अंब्रोस पायऱ्या उतरून आला. त्यानं पिनकडं पाहिलं, माइनराडकडं पाहिलं आणि त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की गोठ्यातल्या शेळ्या दचकल्या. "माझ्या घरात जेवलास," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी तुला हात धरून शिकवलं." मग तो आत जाऊन बाकावर भिंतीकडं तोंड करून पडला.

माइनराडनं पिन परत खिशात घातली. गाल हुळहुळत होता, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. "आता झालं," तो भाचीला म्हणाला. "माझ्यावर राग धरतील. धरूंदे. तुझ्यावरचा गेला."

सकाळी अंब्रोसनं त्याला फोन केला. आवाज गोड. "मायन्या, येतोस का जरा? माझ्या पिस्तुलाची पिन कुणीतरी नेलीया. तुझ्याबिगर कुणाला सांगू?"

कबुली रात्रीतून पुसून गेली होती. थप्पड गेली होती, अंगणातली बॅग गेली होती. राहिला होता फक्त व्हेरेनावरचा राग. तो का आहे हे अंब्रोसला आता सांगता येत नव्हतं, पण ती खोलीत आली की त्याचा जबडा आवळायचा. तिनं वाढलेलं तो खाईना. कपाटापुढं खुर्ची ठेवून त्यावर बसून राही. माइनराडनं परत सांगितलं. परत शिव्या खाल्ल्या. परत सकाळ झाली आणि परत सगळं पुसलं. असं किती वेळा झालं त्याची गणती त्यानं ठेवली नाही.

"मामा, चोर म्हटलेलं मी ऐकून घेते. आजार आहे, मला कळतं," व्हेरेना म्हणाली. "पण काल मी त्यांचे मोजे घालत होते तर त्यांनी पाय मागं घेतला. भिऊन. मला भितात ते, मामा. असं झालं तर मी इथं राहून काय उपयोग? खाली आश्रमात जागा आहे का, मी विचारून ठेवलंय."

माइनराड घरी गेला. गवत कापायच्या विळ्याला लावायचा दगड त्यानं पाण्यात बुडवला आणि त्यावर पिनचं टोक घासायला घेतलं. पोलाद चिवट, लवकर दाद देईना. घासता घासता तो स्वतःशी पुटपुटत होता, शिव्या होत्या की प्रार्थना ते त्याच्या गाईंनाच ठाऊक. टोक एवढंच आखूड केलं की पिन जागेवर बसावी, चाप ओढला की टिक्‌ वाजावं, पण गोळीच्या बुडापर्यंत पोचू नये. मग तो वर गेला, चुलीशेजारी वाकला आणि बाकाखालून काहीतरी उचलल्यासारखं केलं.

"दाजी, ही बघा. हितं पडलीवती."

अंब्रोसनं पिन तळव्यावर घेतली. नजर अधू झालेली, टोकातला फरक तिला दिसला नाही. पिन बसवली, चाप ओढला. टिक्‌. त्याचा चेहरा असा उजळला की माइनराडनं खिडकीबाहेर पाहिलं.

"व्रेनी!" अंब्रोसनं लेकीला हाक मारली. "कॉफी ठिव गं. मामा आलाय न्हवं का."

पिन सापडली म्हणताना चोर उरला नाही. त्या रात्री तो तिच्या हातचं जेवला. पुढं महिनाभर त्या घरात बरे दिवस होते. व्हेरेना बाकावर बापाशेजारी बसून मटार सोलायची आणि तो तिला घाटातल्या गोष्टी सांगायचा, तीच ती, आणि ती प्रत्येक वेळी विचारायची, "मग काय झालं?"

मग मेच्या अखेरीचा गावनेम आला. त्या दिवशी खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस नेमाच्या ओट्यावर जमतं. बँड वाजतो, कोळशावर सॉसेज तडतडतात, आणि बायकापोरांपासून पाद्रीबाबापर्यंत सगळे नेम धरतात. माइनराडनं मुद्दाम दाजींना तारीख पुढची सांगितली होती. पण बँड सरावासाठी सकाळीच वाजला आणि आवाज उतारावर चढला. अंब्रोस रविवारच्या टोपीत, बूट चमकवून, फडक्यातलं पिस्तूल काखेत घेऊन पाळण्यातून उतरला. मागं व्हेरेना.

"थांबवता नाही आलं," ती ओठांतच म्हणाली. "बँड ऐकला तेव्हापासून बूट पुसतायत."

"दाजी, आज मंडळाचं पिस्तूल घ्या. नवं हाय."

"दुसऱ्याची बायकू घिऊन नाचू व्हय? हो बाजूला."

लोक हसले, वाट करून दिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तोनीनं मात्र आपले पाय हळूच मागं घेतले. माइनराड अंब्रोसच्या पाठीशी, हाताच्या अंतरावर उभा राहिला. इथून एका शब्दात सगळं थांबवता आलं असतं. नेममास्तर तोच होता. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "भरा."

अंब्रोसनं भरलं. हात वर आला. माइनराडनं पाहिलं, हात थरथरत नव्हता. लक्ष्याकडं तोंड केलेला तो हात पंचवीस वर्षांच्या गड्याचा होता.

टिक्‌.

अंब्रोस हलला नाही. गोळी अडली तर हत्यार लक्ष्याकडंच धरून थांबायचं असतं, तसा थांबला. मग गुडघा ओढून ती गोळी काढली. पुन्हा नेम. टिक्‌. पुन्हा थांबला. पुन्हा ओढला. क्रम कुठंही चुकला नाही. मागं बँडवाल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. टिक्‌.

अंब्रोसनं पेटी काढली, मग गुडघा वर, मग डोळा, मग बोट, मग जमिनीकडं शेवटचा चाप. एप्रिलात चुकलेलं सगळं आज बरोबर. पिस्तूल बाकावर ठेवून त्यानं पडलेली एक गोळी उचलली आणि तिचं बूड उन्हाकडं धरलं, डोळ्याच्या अगदी जवळ. पितळ गुळगुळीत होतं. टोचल्याची खूण नाही.

"पिन आखूड हाय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, कारागिराचा आवाज होता. "घासलीया कुणीतरी."

आणि मग तो वळला. गर्दीतून त्याची नजर फिरत फिरत गेली आणि व्हेरेनावर थांबली. महिनाभर झोपलेलं जे होतं ते जागं झालं. "तू," तो म्हणाला. "माझ्या घरात राहून. अख्ख्या गावापुढं."

"दाजी, मी घासली!" माइनराड ओरडला. बँड थांबला. सॉसेजवाल्यानं चिमटा खाली ठेवला. "ऐकताय का सगळी? मी, माइनराड बिसिग, नेममास्तर. माझ्या घरी, विळ्याच्या दगडावर. हिचा काय संबंध न्हाई."

अंब्रोसनं त्याच्याकडं पाहिलं. नजर प्रेमळ होती, समजूतदार होती. त्यानं माइनराडच्या मानगुटीवर आपला पंजा ठेवला.

"मायन्या," तो म्हणाला, "मला कळतं रं. तू मामा हाईस तिचा. मामा भाचीला पाठीशी न्हाई घालनार तर कोन घालनार?"

गावानं माना खाली घातल्या. एप्रिलात ज्यांनी 'कुणीतरी सांगाय पायजे' म्हटलं होतं, त्यांच्यातला एक जण तोंड उघडेल म्हणून माइनराड वाट बघत राहिला. तोनीनं खाकरून पाहिलं. पण सांगणार काय आणि कुणाला?

अंब्रोसनं पिस्तूल फडक्यात गुंडाळून माइनराडच्या हातात दिलं. "ह्ये तुझ्याजवळ ठिव. माझ्या घरात चोर हाय. तुझ्याशिवाय माझा कुनावर इश्वास न्हाई."

जे मागायला माइनराडची जीभ रेटत नव्हती, ते असं आपणहून त्याच्या हातात आलं. त्यानं घेतलं. दुसरं काय करणार होता?

पाळण्याशी अंब्रोस अडून बसला. व्हेरेना आत चढली की तो बाहेर पडे. शेवटी तीच बाजूला झाली. "तुम्ही न्या त्यांना, मामा. मी मागनं येते."

माइनराडनं त्याला वर नेलं, बाकावर बसवलं, बूट काढले, घोंगडी टाकली. मग ओसरीवरच्या यंत्रापाशी जाऊन तो पाळणा खाली सोडणार, तोच खालच्या टप्प्याला जोडलेला फोन वाजला.

"मामा, पाळणा सोडू नका," व्हेरेना म्हणाली. तिच्यामागं बसचं इंजिन घुरघुरत होतं. "मी आल्टडॉर्फला जाते. आश्रमाशी बोलते. त्यांना काही सांगू नका, उगीच आठवायचं."

"पोरी, एवढी रात जाऊंदे. सकाळी इसरत्यात त्ये."

"बाकीचं विसरतात," ती म्हणाली. "तेवढं नाही विसरत."

फोन ठेवला गेला. माइनराडनं यंत्राचा दांडा परत जागेवर लावला आणि तो घरात आला. अंब्रोस बाकावर उठून बसला होता. चेहरा शांत, धुतल्यासारखा. त्यानं खिडकीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"व्रेनी कुठं ऱ्हायली रं?" तो म्हणाला. "अंधार पडाय लागला. पोरगी असा उशीर करत न्हाई कधी. बघ की जरा, मायन्या."

माइनराड बाहेर गेला. त्यानं खालच्या टप्प्याचा फोन फिरवला आणि कानाशी धरला. खाली घंटा वाजत होती. कुणी उचलत नव्हतं. आतून दाजी विचारत होते, "मिळाली का?"